बापूकाका सहाव्या भागात एकदम कसे सुधारले?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत सांगते. मी चुकीचा समजले असेन तर पुढचं वाचू नका.

तुम्ही आठ भागांची मालिका लिहिताय. बडोद्यात रावपुऱ्यातला जुना वाडा, तीन भावंडं, त्यांतले थोरले बापूकाका. धाकट्या भावाच्या आणि माहेरी परत आलेल्या बहिणीच्या सह्या त्यांनी 'नुसतं घरपट्टीचं काम आहे' असं सांगून घेतल्या आणि वाडा बिल्डरला देऊन टाकला. पाच भाग लपवाछपवी. सहाव्यात भांडं फुटतं, बहिणीला दवाखान्यात न्यावं लागतं, काका कॉरिडॉरमध्ये ढसाढसा रडतात. सातव्यात माफी, आठव्यात भाऊबीज. ज्यांना वाचून दाखवलंत ते म्हणाले, 'एकदम सुधारला, पटत नाही.' म्हणून तुम्ही काकांना पहिल्या भागापासून हळवं केलंत. तर तेच लोक म्हणाले, 'हा तर मुळातच चांगला आहे, मग बदललं काय?' आणि आता तुम्ही विचारताय की बदलाची पेरणी नेमकी किती भाग आधीपासून करावी, आणि लोकांनी काकांचा तिरस्कार करू नये म्हणून काय करावं.

माझ्या मते अडचण पेरणीत नाहीच. काकांनी काय केलं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, पण ते तसे का वागतात हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही त्यांचा गुन्हा लिहिलाय, दोष लिहिलेला नाही. गुन्हा एकदा घडतो. दोष रोज सकाळी दूधवाल्याची घंटी वाजली की सुरू होतो.

माझा हात कशावर बसलाय ते आधी सांगते, म्हणजे माझ्या सल्ल्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी २१ वर्षं मुंबईत मालिका लिहिल्या. मराठी जास्त, हिंदी थोड्या. मुख्यतः पटकथा, संवाद अडीअडचणीला. सहा वर्षांपूर्वी बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी परत आले. म्हणजे माझा सगळा सराव रोजच्या मालिकेचा, आणि तिथला हिशेब आठ भागांपेक्षा वेगळा असतो. शिवाय तुमची संहिता मी वाचलेली नाही, फक्त तुम्ही लिहिलेला सारांश वाचलाय. तेव्हा काही ठिकाणी माझा नेम चुकेल.

रोजच्या मालिकेत दोषावरच गाडी चालते. घरातली कजाग थोरली जाऊ सुधारली तर सोमवारपासून दाखवायचं काय? म्हणून तिथे माणसं बदलत नाहीत, त्यांना 'पॉझिटिव्ह करतात'. हा आमच्या धंद्यातला शब्द. गुरुवारी टीआरपी यायचे आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरायचं, हिला आता पॉझिटिव्ह करा, त्या नव्या मुलीला निगेटिव्ह करा. एकदा असाच निरोप आला, पाच एपिसोडमध्ये वहिनी पॉझिटिव्ह पाहिजे. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला साठा, संपत आलेली, दुसऱ्या दिवशी शूट. आम्ही तेच केलं जे तुम्ही केलंय. दवाखाना, काचेपलीकडे ऑक्सिजनचा मास्क, काचेअलीकडे वहिनीचे अश्रू. सेटवर वहिनीचं काम करणारी नटी माझ्यापाशी येऊन म्हणाली, 'ताई, परवा मी हिच्या दुधात काहीतरी कालवलं. आज हिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवायच्यात. मधल्या रात्री मी काय करत होते तेवढं सांगा, मी करते.' मला सांगता आलं नाही. तिने प्रसंग केला, चांगलाच केला, आणि तरी तो खोटा वाटला. तिची ती 'मधली रात्र' पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात राहिली.

(मधली रात्र सुचली नाही की आमच्याकडे लीप घेतात. 'सहा वर्षांनंतर', आणि माणूस बदललेला, केस पांढरे. तुम्हाला ती पळवाट नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.)

मग दोष कशाला म्हणायचं? रागीट, लोभी, अहंकारी, ही विशेषणं मी वहीत लिहीत नाही. त्यांनी पात्राची जात कळते, पुढे लिहायला काही सुचत नाही. मी एकच विचारते: या सवयीने या माणसाला आजवर काय मिळवून दिलं? कारण जी सवय अजून कमावून देतेय ती कुणी सोडत नाही, आणि जिने एकेकाळी जीव वाचवला ती तर मुळीच नाही.

पुढच्या एका मालिकेत अशीच एक थोरली जाऊ माझ्या वाट्याला आली. बायबलमध्ये, म्हणजे मालिकेच्या मूळ वहीत, तिच्याबद्दल एवढंच लिहिलेलं: 'हिशेबी, स्वार्थी, ग्रे शेड.' मी तिला पोळ्या मोजायला लावल्या. पोळ्या झाल्या की डब्यात ठेवताना ती मोजायची. ओरडणं नाही, टोमणे नाहीत, फक्त मोजणं. आम्हा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की ती सात भावंडांतली पाचवी, आणि तिच्यापर्यंत डबा यायचा तेव्हा तळाचं फडकंच उरलेलं असायचं. मोजलं की उपाशी राहावं लागत नाही, हे ती लहानपणीच शिकली. लग्नानंतर याच मोजण्यातून तिने दिराचं शिक्षण पार पाडलं, तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आता घरात पैसा आहे, धाकटी जाऊ आली आहे, आणि तेच मोजणं सगळ्यांना टोचायला लागलंय. बाई तीच, सवय तीच, दिवस मात्र पालटलेले.

चॅनलला लहानपणाचा फ्लॅशबॅक हवा होता. चिमुरडी मुलगी, रिकामा डबा, मागे बासरी. मी अडून बसले. फ्लॅशबॅक दाखवला की प्रेक्षक तिथल्या तिथे माफ करून मोकळा होतो, आणि एकदा माफ केलेल्या बाईचं पुढे काय होतं यात त्याला फारसं देणंघेणं राहत नाही. शेवटी एका वाक्यावर तडजोड झाली, तेही तिच्या आईच्या तोंडी, भाजी निवडता निवडता.

आणि बदल? ती मोजायची थांबली. कुणी तिला तसं सांगितलं नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही. पोळ्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं, संपलं. एडिटिंगमध्ये तो शॉट 'यात काही घडत नाही' म्हणून कापला होता. मी जाऊन परत लावून घेतला. पुढे साधारण चाळीस एपिसोडनंतर नवऱ्याची नोकरी गेली आणि त्या रात्री ती पुन्हा मोजायला लागली. माझ्या मावशीचा फोन आला, 'अगं, ती परत मोजायला लागली गं!' एवढ्या वर्षांत मालिकेबद्दल मावशीने केलेला तो एकमेव फोन.

आता बापूकाकांकडे येऊ. तुमच्या सारांशात एक ओळ आहे जिच्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात: वडील गेले तेव्हा काका १९ वर्षांचे होते, कॉलेज सोडून त्यांनी घर चालवलं. अहो, सगळं इथेच आहे. १९ वर्षांच्या पोराला सगळ्यांच्या वतीने ठरवावं लागलं. कुणाची शाळा चालू ठेवायची, कुणाची फी थांबवायची, बहिणीला कुठलं स्थळ बघायचं. विचारत बसला असता तर घर बसलं असतं. न विचारता ठरवणं याच गोष्टीने हे घर वाचलं, आणि नातेवाइकांनी त्याला 'बाप्या नव्हे, बाप आहे' म्हटलं. त्याच काकांनी आज बहीण-भावाच्या सह्या घेतल्या. त्यांच्या लेखी ही फसवणूकच नाही. छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसा नाही, बहिणीला जिने चढवत नाहीत. मग विचारायचं काय त्यात? भाजी आणताना विचारतो का आपण?

हे एकदा धरलं की तुमच्या श्रोत्यांच्या दोन्ही तक्रारी मिटतील. पहिल्या पाच भागांत काकांना खलनायकही करायला नको आणि हळवंही करायला नको. ते रात्री दोन वाजता बहिणीसाठी औषध शोधत न्यायमंदिरापर्यंत जातील, आणि अडगळ झाली म्हणून तिचा तंबोरा कुणाला तरी देऊनही टाकतील. प्रेम आणि दांडगाई एकाच हाताने. पहिल्या भागात सगळ्यांना सेवउसळ खायला लारीवर, म्हणजे हातगाडीवर न्या. काका कुणाला न विचारता सांगतात, 'चार प्लेट, एकीत तरी नको.' ती बिनतरीची, म्हणजे वरच्या तिखट रश्शाशिवायची, बहिणीसाठी. तिला तिखट आवडतं, हे आम्हाला तिसऱ्या भागात कळू द्या. चाळीसहून जास्त वर्षं ती बिनतरीची खातेय, कारण एकदा लहानपणी तिचं पोट बिघडलं होतं आणि दादाने तेव्हा ठरवलं.

आता सुधारण्याबद्दल. नवे लिहिणारे इथे हमखास चुकतात आणि मीही खूप चुकले. आपण समजतो की माणसाला पश्चात्ताप झाला म्हणजे दोष गेला. तसं होत नाही. पहिला पश्चात्ताप माणूस जुन्याच सवयीने करतो, कारण त्याच्याकडे दुसरं हत्यारच नसतं. हिशेबी माणूस माफी मागतानाही हिशेब करतो. तापट माणूस स्वतःवरच तापतो. आणि सगळ्यांच्या वतीने ठरवणारा माणूस प्रायश्चित्तसुद्धा सगळ्यांच्या वतीने ठरवतो.

यासाठी आपल्याच गावाशी जोडलेलं एक उदाहरण घ्या. १९१९च्या फेब्रुवारीत 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यात झाला. गंधर्व नाटक मंडळी, बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस तिचा नवरा सुधाकर. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारीतच गेले होते, त्यांनी तो पाहिला नाही. नाटक दारूचं म्हणून ओळखलं जातं, पण सुधाकरचं दुखणं दारूच्या आधीचं आहे. हुशार वकील, मानी, कुणाचं एक ऐकून घेणार नाही. भर कोर्टात शब्दाने शब्द वाढतो, वकिलीची सनद काही काळापुरती जाते, आणि तो अपमान गिळता यावा म्हणून त्याचा कारकून तळीराम पेला पुढे करतो. मधे एकदा सुधाकर खरंच दारू सोडायचं ठरवतो. काम मागायला जुन्या ओळखीच्यांकडे जातो. तिथे वाट्याला काय येतं? पुन्हा अपमान. ज्या ठिकाणी जखम तिथेच ठेच, आणि गडी परत पेल्याकडे. त्याने सोडायला घेतली होती दारू. मानीपणाला त्याने हात लावलाच नव्हता. त्याच नाटकात भगीरथ आहे, तोही पिणारा. सुधाकरचा मित्र रामलाल, त्याच्या संगतीत तो दारू सोडतो आणि चांगल्या कामाला लागतो. पण भगीरथासाठी हळहळलेला प्रेक्षक मला अजून भेटायचाय. त्याला सोडायला नुसती दारू होती.

तुमच्या काकांनी सहाव्या भागात रडण्याऐवजी कामाला लागावं असं मला वाटतं. भांडं फुटल्यावर ते स्वतःच्या पीएफचे सगळे पैसे घालून वासणा रोडला बहिणीच्या नावाने फ्लॅट घेतात. किल्ली तिच्या हातात ठेवतात. चेहऱ्यावर समाधान, फिटलं एकदाचं. बहीण विचारते, 'कितवा मजला?' 'तिसरा. पूर्वेकडे तोंड, लिफ्ट आहे.' 'मला विचारलंस?' आणि किल्ली परत त्यांच्या हातात. या प्रसंगात काका वाईट नाहीत. उलट आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं सर्वस्व दिलंय. आणि तरी ते तेच करतायत जे त्यांनी वाडा विकताना केलं. प्रेक्षकाला हे काकांच्या आधी कळलं पाहिजे, अगदी अर्ध्या मिनिटाने.

दवाखाना मात्र काढा. बहिणीला झटका आला की प्रेक्षक तिच्या तब्येतीची काळजी करत बसतो आणि सहीचा विषय राहून जातो. आजारी माणसाला 'मला विचारलंस?' असं विचारता येत नाही. तिला धडधाकट ठेवा.

मग ती मधली रात्र. सहावा आणि सातवा भाग यांच्यामधली. इथे काकांनी एकटं काहीतरी करायला हवं, बोलायचं नाही. मी असते तर त्यांच्या हाती त्यांचीच जुनी जमाखर्चाची वही दिली असती, वडील गेले त्या वर्षाची. सुरसागरासमोरचं आपलं संगीताचं कॉलेज तुम्हाला माहीतच आहे, सयाजीरावांनी १८८६त सुरू केलेल्या गायनशाळेतून वाढलेलं. बहीण तिथे शिकत होती असं धरू. वहीत काकांच्या तेव्हाच्या अक्षरात ओळ असेल: 'ताईची गाण्याची फी बंद.' पुढे वाचलेले रुपये, आणि खाली त्याच रुपयांत आलेलं काहीतरी, धाकट्याची पुस्तकं म्हणा. काकांना आजवर ते वर्ष स्वतःच्या त्यागाचं वर्ष म्हणून आठवत होतं. कॉलेज त्यांचं सुटलं, बरोबर. पण सोडायचं की नाही हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तिचं त्यांनी ठरवलं. हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालू नका. वही दाखवा, पान उलटताना थांबलेलं बोट दाखवा.

इथवर सांगितलेलं एका दमात: काकांचा दोष म्हणजे न विचारणं, तो त्यांना १९व्या वर्षी उपयोगी पडला, आता तोच घर मोडतोय, आणि पहिली भरपाईसुद्धा ते त्याच दोषाने करू पाहतात. आता उरतं ते बदलल्याचं प्रमाण.

लारीवर शेवटी काकांनी 'तुला तरी हवी का गं?' असं विचारलं की काम झालं, असं तुम्हाला वाटू शकतं. मी शिकवते त्या लेखनाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटतं. पण ती नुसती खूण झाली. विचारायला पैसे पडत नाहीत. ज्या उत्तराने स्वतःचं नुकसान होणार ते उत्तर ऐकून घ्यावं लागलं, तर मी मानेन.

वाल्या कोळ्याचं उदाहरण अशा वेळी सगळे देतात. मला ते शिकवताना अडचण येते. बायकामुलं पापात वाटेकरी व्हायला नकार देतात तो क्षण जबरदस्त आहे, पण त्यानंतर 'मरा मरा' पासून वारुळापर्यंतची सगळी वर्षं गोष्टीने गाळली आहेत. आणि आपल्याला लिहायची असतात नेमकी ती वर्षं. त्यापेक्षा मी आपल्या नदीकडे बोट दाखवते. विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना आपण मगर दिसते का तेवढंच बघतो, पण जिच्या नावात विश्वामित्र आहे त्या नदीकाठी राहून पात्राचा बदल शिकायला दूर जायची गरज नाही.

रामायणाच्या बालकांडात विश्वामित्राची गोष्ट पडझडीसकट सांगितली आहे. हा मुळात राजा. वसिष्ठांच्या आश्रमात सैन्यासह पाहुणचार घेतो, ज्या गाईमुळे तो पाहुणचार झाला तीच मागतो, वसिष्ठ देत नाहीत म्हटल्यावर जबरदस्ती करतो आणि हरतो. तपाला बसतो तेही चांगलं व्हायला नव्हे, वसिष्ठांची बरोबरी करायला. मत्सरातून सुरुवात! मग त्रिशंकूच्या हट्टापायी तप खर्च होतं. मेनकेपायी दहा वर्षं जातात. पुढे रंभा येते, तिला तो भुलत नाही, पण रागावून शाप देतो आणि पुन्हा सगळं घालवून बसतो. प्रत्येक वेळी एक दार बंद करतो आणि जुना राजा दुसऱ्या दाराने आत शिरतो. शेवटी हजार वर्षांचं व्रत पुरं होतं, अन्न शिजवून तो जेवायला बसणार, तेवढ्यात इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येऊन तेच अन्न मागतो. विश्वामित्र सगळं देऊन टाकतो. मौन मोडत नाही, आणि उपाशीच परत तपाला बसतो.

आता पहिला प्रसंग आणि हा प्रसंग शेजारी ठेवून बघा. तेव्हा तो दुसऱ्याच्या दारी जेवून वर त्याची गाय ओढणारा पाहुणा होता. आज त्याच्या पुढ्यातलं कुणी मागून नेतंय. प्रसंग तोच, जागा बदलल्या. आणि ब्रह्मर्षी म्हणवून घ्यायला ब्रह्मदेवाचं म्हणणं त्याला पुरत नाही, वसिष्ठांनी म्हणायला हवं असतं. ज्याची गाय ओढली, त्याने.

तुमच्या गोष्टीत हा उलटा प्रसंग तयारच आहे, तुम्ही वापरला नाहीत एवढंच. सही. सातव्या भागात बहीण कोर्टात जायचं ठरवते, आणि काकांपुढे कागद ठेवते: सह्या खोटं सांगून घेतल्या असं लिहून द्या. या वेळी सही तिला हवी आहे आणि बुडणार काका आहेत. बिल्डरचे पैसे परत करायची वेळ येणार, नाव जाणार, कदाचित पोलीसही. (कायद्याचा तपशील एखाद्या दिवाणी वकिलाकडून तपासून घ्या, मालिकांमधली कोर्टं बघून लिहू नका. मी लिहिलेलीही नकोत.) काका कागद पूर्ण वाचतात. सही करतात. मग वकील कुठला करावा हे सांगायला त्यांचं तोंड उघडतं, आणि मिटतं. माझ्या हिशेबी तुमच्या आठ भागांतला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे आणि त्यात एकही संवाद नाही.

माफीचं काय, असं तुम्ही म्हणाल. सातव्या भागातलं लांबलचक माफीचं भाषण मला नको वाटतं, पण कबुली असावी. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतला रसायनशास्त्राचा शिक्षक ६२ भागांच्या प्रवासात सुधारत नाही, खालीच जातो. पण 'घरासाठी केलं' हे त्याचं पालुपद तो अगदी शेवटच्या भागात बायकोपुढे सोडतो आणि म्हणतो की स्वतःसाठी केलं. त्याने काही भरून निघत नाही. फक्त एक खोटं बंद होतं, आणि बघणाऱ्याला तेवढं पुरतं. तुमच्या काकांचंही 'घरासाठी'च आहे. ते सोडताना त्यांना काय म्हणावं लागेल, ते तुम्हीच शोधा. माझ्याकडून घेतलेलं वाक्य तिथे उपरं वाटेल.

तिरस्काराचा मुद्दा राहिला. तो पूर्णपणे तुमच्या हातात नाही, हे आधीच सांगते. १९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' ही हिंदी मालिका आली. मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवरून तिची कल्पना घेतली होती. त्या पद्धतीत एक पात्र अनुकरण करावं असं, एक करू नये असं, आणि एक मधलं, जे चुकतं, फळ भोगतं आणि हळूहळू वळतं. प्रेक्षकाने या मधल्याबरोबर चालावं अशी अपेक्षा. लेखन मनोहर श्याम जोशींचं, आणि भागाच्या शेवटी खुद्द अशोककुमार येऊन दोन शब्द समजावून सांगायचे. एवढं करूनही घडलं असं की, निमूट सोसणारी आई भगवंती, जी 'असं राहू नका' म्हणून उभी केली होती, तीच पुष्कळ प्रेक्षकांना आदर्श वाटली. अशोककुमारांना जे जमलं नाही ते आपल्या संवादांना जमेल असं धरून चालू नका. काही लोक तुमच्या काकांना शेवटपर्यंत शिव्या देतील. काही, विशेषतः आपल्या बडोद्यातले थोरले भाऊ, म्हणतील की बरोबरच केलं त्याने. तुम्ही फक्त काका कंटाळवाणे होणार नाहीत एवढं बघा.

गोष्टीच्या आत मात्र एकाने तरी माफ करू नये. तुमचा धाकटा भाऊ मला त्यासाठी योग्य वाटतो, कारण त्याला वाड्याचं काही पडलेलं नाही. दादाने आपल्याला मूर्ख समजलं हे त्याला लागलंय. भाऊबीज ठेवा. बहीण ओवाळते, धाकट्याचा पाट रिकामा. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आणि लारी हवीच असेल तर शेवटी घ्या. काका सवयीने पुन्हा म्हणतात, 'तीन प्लेट, एकीत तरी नको.' म्हणून झाल्यावर ओशाळतात. बहीण तोवर पुढे होऊन लारीवाल्याकडून स्वतःच तरी ओतून घेते. ६३ वर्षांचा माणूस न विचारण्याच्या सवयीतून एवढाच बाहेर येतो, आणि मला तेवढा पुरतो.

एक शेवटचं काम. सहाव्या भागातला तो कॉरिडॉरमधला रडण्याचा प्रसंग संहितेतून काढा, पण फाडू नका. वेगळ्या कागदावर ठेवा आणि जो नट काका करणार असेल त्याला पहिल्या वाचनाच्या वेळी द्या. सांगा, हे शूट होणार नाही, पण हे झालेलं आहे. आमच्या त्या वहिनीला मला असा एक कागद द्यायला हवा होता.